उतरता सांठा आणि सरळ रेषेचा आलेख



घरांतील पिठाचा डबा, शेतकऱ्याची कणगी, शाळेच्या गच्चीवरील पाण्याची टांकी आणि नदी अडवून केलेला जलाशय ह्या चारी वस्तूंत एक साम्य आहे. त्या एकदां भरतात आणि मग रोजच्या खर्चानें हळूहळू रित्या होत जातात. “किती उरलें?” हा प्रश्न सर्वच विचारतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु “केव्हां संपेल?” हा प्रश्न वेळेवर विचारणारे थोडे. बहुतेकांस तो डब्याचा तळ दिसूं लागल्यावर सुचतो, आणि त्या वेळीं उत्तर मिळालें तरी त्याचा उपयोग नसतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आगाऊ मिळविण्याचें एक साधें साधन गणितानें आपल्या हातीं दिलें आहे. त्यास लागणारें सामान म्हणजे चौकटीचा कागद, पट्टी आणि पेन्सिल, एवढेंच.

आपल्या हिंगोलीकडील मुलांस हा विषय परका वाटूं नये. आपल्याकडील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो; बाकीचे आठ महिने विहिरी, तळीं आणि धरणें ह्यांतील शिलकेवर काढावे लागतात. म्हणजे वर्षाचा दोनतृतीयांश भाग आपण उतरत्या सांठ्यावरच जगतों. तो सांठा कसा उतरतो, हें कागदावर पाहूं.

१. टांकीचें कोष्टक

समजा, सकाळीं ६ वाजतां एका टांकींत ५००० लिटर पाणी आहे. दर तासाला ४०० लिटर पाणी खर्च होतें आणि दिवसभर वर नवें पाणी चढत नाहीं. तर पुढील कोष्टक तयार होईल.

गेलेले तास : ० — २ — ४ — ६ — ८ — १०
उरलेलें पाणी (लिटर) : ५००० — ४२०० — ३४०० — २६०० — १८०० — १०००

खालची ओळ नीट पाहा. प्रत्येक दोन तासांनीं ८०० लिटर कमी झालें आहे. सकाळींहि तितकेंच आणि दुपारींहि तितकेंच. समान काळांत समान घट, हें ह्या प्रकारच्या सांठ्याचें मुख्य लक्षण होय. जेथें हें लक्षण आढळेल, तेथें आलेख सरळ रेषेंत येईल. जेथें आढळणार नाहीं, तेथें येणार नाहीं. म्हणून आलेख काढण्यापूर्वीं कोष्टकांतील शेजारशेजारच्या आंकड्यांची वजाबाकी करून पाहण्याची संवय लावून घ्यावी.

२. त्रैराशिक कोठें लावावें?

येथें पुष्कळ मुलें फसतात. “४ तासांनंतर ३४०० लिटर पाणी उरतें, तर ८ तासांनंतर किती?” असें विचारलें कीं, कांहीं जण झटकन् ६८०० असें उत्तर देतात. टांकींत मुळांत ५००० लिटरच पाणी होतें, हें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं! दोष त्रैराशिकाचा नसून तें चुकीच्या जागीं लावण्याचा आहे.

त्रैराशिक ही आपल्या देशांतील फार जुनी रीत. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत तिचें विवेचन आहे. एक राशि दुप्पट झाली असतां दुसरीहि दुप्पट होते, अशा ठिकाणीं ती लागू पडते. आतां आपल्या टांकीकडे पाहा. वेळ दुप्पट झाला म्हणजे खर्च झालेलें पाणी दुप्पट होतें: ४ तासांत १६०० लिटर, ८ तासांत ३२०० लिटर. त्रैराशिक खर्चास लागू आहे, शिलकेस नाहीं. शिल्लक काढावयाची असेल तर आधीं त्रैराशिकानें खर्च काढावा आणि तो आरंभीच्या सांठ्यांतून वजा करावा. ५००० मधून ३२०० गेले, १८०० उरले. कोष्टकांतहि तेंच उत्तर आहे.

३. आलेख काढण्याची रीत

कागदावर एक आडवी व एक उभी रेघ एकमेकींस काटकोनांत छेदतील अशा काढा. आडवी रेघ हा क्ष-अक्ष. तिच्यावर काळ मांडावयाचा. उभी रेघ हा य-अक्ष. तिच्यावर उरलेला सांठा मांडावयाचा. दोन रेघा जेथें मिळतात तो आरंभबिंदु. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ तास आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर, असें प्रमाण घेतलें म्हणजे आपली आकृति वहीच्या पानावर बेताची बसते. हें प्रमाण कोपऱ्यांत लिहून ठेवण्यास विसरूं नये. प्रमाण न लिहिलेला आलेख हा मापें न लिहिलेल्या नकाशासारखा निरुपयोगी असतो.

आतां कोष्टकांतील प्रत्येक जोडीसाठीं एक बिंदु द्या: (०, ५०००), (२, ४२००), (४, ३४००) इत्यादि. पट्टी लावून पाहा. सर्व बिंदु एका ओळींत येतील. ते जोडून रेषा खालीं वाढविली कीं, ती आडव्या अक्षास १२ आणि १३ ह्यांच्या बरोबर मध्यें, म्हणजे १२॥ तासांच्या खुणेवर मिळते. सकाळीं ६ पासून १२॥ तास म्हणजे सायंकाळचे ६॥. टांकी त्या वेळीं रिकामी होणार, हें आपणांस सकाळींच कळलें.

बिंदु आणि अक्ष ह्यांच्या साहाय्यानें समीकरणांस आकृतीचें रूप देण्याचा मार्ग फ्रान्सच्या रने देकार्त ह्या विद्वानानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूमितीवरील ग्रंथांत दाखविला. पुढें १७८६ सालीं स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर ह्यानें व्यापारांतील आयात-निर्यातीचे आंकडे अशाच रेषांनीं छापून दाखविले. तेव्हांपासून हें साधन पंडितांच्या अभ्यासिकेंतून व्यवहारी मनुष्याच्या मेजावर आलें.

४. रेषा काय काय सांगते?

ह्या एका रेषेंत तीन गोष्टी सांठविलेल्या आहेत. ती उभ्या अक्षास जेथें मिळते, तो आरंभींचा सांठा: ५००० लिटर. आडव्या अक्षास जेथें मिळते, तो सांठा संपण्याचा काळ: १२॥ तास. आणि तिचा उतार हा खर्चाचा वेग: दर तासाला ४०० लिटर. रेषा डावीकडून उजवीकडे खालीं येते, म्हणून हा उतार ऋण मानतात. सांठ्यास ‘य’ आणि तासांस ‘क्ष’ म्हटलें, तर ही सारी हकीकत एका ओळींत लिहितां येते:

य = ५००० − ४०० × क्ष

दोन गोष्टींविषयीं सावध राहावें. पहिली ही कीं, समीकरण आंधळें असतें. त्यांत क्ष = १४ घातल्यास य = −६०० असें उत्तर येईल; पण टांकींत शून्याहून कमी पाणी असूं शकत नाहीं. म्हणून रेषा आडव्या अक्षावरच थांबवावी. दुसरी गोष्ट अशी कीं, रेषेचा डोळ्यांना दिसणारा तिरकसपणा प्रमाणावर अवलंबून असतो. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १००० लिटर घेतलें तर तीच रेषा सौम्य दिसेल, आणि २५० लिटर घेतलें तर तीच कड्यासारखी दिसेल. खर्च मात्र तासाला ४०० लिटर हाच राहील. दोन आलेखांची तुलना करतांना आधीं प्रमाण वाचावें, मग उतार पाहावा.

५. सिद्धेश्वर धरणाचें उदाहरण

आतां टांकीहून मोठें पात्र घेऊं. औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगास, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत, येलदरीचें मोठें धरण आहे. सिद्धेश्वराचा एकूण सांठा सुमारें २५१ दशलक्ष घनमीटर. पण त्यांतील उपयुक्त सांठा सुमारें ८१ दशलक्ष घनमीटरच आहे. बाकीचें सुमारें १७० दशलक्ष घनमीटर पाणी सोडण्याच्या दाराच्या पातळीखालीं असल्यामुळें आपोआप बाहेर वाहत नाहीं. त्यास मृत सांठा म्हणतात. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर, हें ध्यानांत ठेवल्यास ह्या आंकड्यांची थोरवी कळेल.

वर्तमानपत्रांत “धरणाचा सांठा शून्य टक्के” असें वाचून पुष्कळांस वाटतें कीं, तळ कोरडा पडला. तसें नसतें. तें शून्य उपयुक्त सांठ्याचें असतें. त्याखालीं मृत सांठा असतो. आलेखाच्या भाषेंत सांगावयाचें तर आडवा अक्ष धरणाच्या तळाशीं न काढतां दाराच्या पातळीस काढलेला असतो. कोणताहि आलेख वाचतांना “येथें शून्य म्हणजे काय?” हें प्रथम विचारावें, तें ह्यासाठींच.

समजा, १ ऑक्टोबरला ८१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त सांठा आहे, वरून येलदरीचें पाणी येत नाहीं, आणि शेती, पिण्याचें पाणी व बाष्प मिळून दरमहा ९ दशलक्ष घनमीटर खर्च होतो. (हा खर्चाचा आंकडा आपण उदाहरणासाठीं घेतला आहे.) तर य = ८१ − ९ × क्ष, आणि रेषा ९ महिन्यांनीं, म्हणजे १ जुलैला, अक्षास मिळेल. मृगाचा पाऊस जूनमध्यें वेळेवर आला तर चिंता नाहीं. तो महिनाभर लांबला तर मात्र ह्या रेषेंत त्याची सोय नाहीं. वास्तविक येलदरीचा उपयुक्त सांठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सिद्धेश्वराच्या दसपट आहे. तेव्हां सिद्धेश्वर हें मोठ्या रांजणांतून वरचेवर भरल्या जाणाऱ्या तांब्यासारखें समजावें. परंतु रांजणासहि अशीच एक उतरती रेषा असते, हें विसरून चालणार नाहीं.

६. दोन मापांवरून सबंध रेषा

टांकीच्या उदाहरणांत आरंभींचा सांठा व खर्चाचा वेग आपणांस ठाऊक होते. व्यवहारांत बहुधा दोन्ही ठाऊक नसतात. तरीहि काम अडत नाहीं. कारण दोन बिंदु मिळाले कीं सरळ रेषा निश्चित होते.

एका घरीं १ एप्रिलला ज्वारीची कणगी भरली, पण मोजून ठेविली नाहीं. २० दिवसांनंतर मोजली तेव्हां ४२० किलो भरली. ५० दिवसांनंतर, म्हणजे २१ मेला, ३३० किलो भरली. मधल्या ३० दिवसांत ९० किलो गेली, म्हणजे रोजचा खर्च ३ किलो. पहिल्या २० दिवसांत ६० किलो गेली असली पाहिजे. म्हणून आरंभीं ४८० किलो होती. आतां ४८० किलोंस रोजच्या ३ किलोंनीं भागलें कीं १६० दिवस येतात. १ एप्रिलपासून १६० दिवसांनीं ८ सप्टेंबर ही तारीख येते.

खरिपाची नवी ज्वारी घरांत येण्यास दिवाळीचा सुमार होतो. ती १ नोव्हेंबरला येईल असें धरूं; तो २१४ वा दिवस. म्हणजे कणगी ५४ दिवस आधींच संपणार! ही बातमी रेषेनें २१ मे रोजींच दिली. त्या दिवशीं ३३० किलो शिल्लक आहे व १६४ दिवस काढावयाचे आहेत. भागाकार केला तर रोज सुमारें २ किलो पडते. तीन किलोंच्या जागीं दोन किलो, आणि उरल्याची भर दुसऱ्या धान्यानें, ही ओढाताण खरी. पण कुटुंब तिला पुरून उरेल.

आतां असें समजा कीं त्या घरीं कोणीं रेषा काढली नाहीं, आणि १९ ऑगस्टला, म्हणजे १४० व्या दिवशीं, कणगींत हात घातल्यावर तळ लागला. त्या दिवशीं शिल्लक ६० किलो. दिवस काढावयाचे ७४. रोज अवघी ०.८ किलो! आतां काटकसर करून भागत नाहीं. सावकाराचें दार गांठावें लागतें, किंवा मुलाची शाळा सुटते. कणगी तीच, माणसें तींच, ज्वारीहि तितकीच. भेद एवढाच कीं, एका घरीं संकट मे महिन्यांत दिसलें व दुसऱ्या घरीं ऑगस्टांत. ह्या दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून पाहाव्या. ५० व्या दिवसापासून वळलेली रेषा सौम्य उतरत जाऊन २१४ व्या दिवशीं अक्षास टेंकते. १४० व्या दिवसापर्यंत न वळलेल्या रेषेला मग जवळजवळ आडवें व्हावें लागतें. आलेखांत आडवी रेषा म्हणजे खर्च नाहीं, आणि कणगीच्या बाबतींत खर्च नाहीं ह्याचा अर्थ उपास असा होतो.

७. सरळ रेषा कोठें फसते?

प्रत्येक सांठा सरळ रेषेंत उतरतो असें मात्र नाहीं. टांकीच्या तळाशीं भोंक पाडून पाणी वाहूं दिलें, तर प्रथम धार जोरानें पडते आणि पाणी उतरेल तशी मंदावते. १६४४ सालीं इटलीच्या तोरिचेल्ली ह्यानें ह्या धारेचा नियम प्रसिद्ध केला. पाण्याची उंची चौथाई झाली कीं धारेचा वेग निम्मा होतो. म्हणून हा आलेख आरंभीं तीव्र व पुढें सौम्य, असा वक्र येतो. पहिल्या कांहीं मिनिटांवरून सरळ रेषा ओढली तर टांकी फार लवकर रिती होईल असें दिसेल. घर्षण सोडून दिल्यास उभ्या भिंतींच्या टांकीस त्याच्या बरोबर दुप्पट वेळ लागतो.

जलाशयाची गोष्ट अधिक घोंटाळ्याची आहे. त्याचें पात्र वर रुंद व खालीं निमुळतें असतें. वरच्या एक मीटर थरांत जितकें पाणी असतें तितकें तळच्या एक मीटरांत नसतें. त्यामुळें रोजचा खर्च सारखा असला तरी पाण्याची पातळी उन्हाळ्याच्या शेवटीं झपाट्यानें उतरते. पातळी आणि सांठा ह्या दोन निरनिराळ्या राशि आहेत. एकीचा आलेख सरळ आला म्हणून दुसरीचा येईल असें नाहीं. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हांत बाष्प होऊन जाणारें पाणी हिवाळ्यापेक्षां पुष्कळ अधिक असतें. हें सारें लक्षांत घेऊन शहाणा मनुष्य एकदां काढलेल्या रेषेवर सबंध वर्ष विसंबत नाहीं. तो दर महिन्यास नवें माप घेतो, नवा बिंदु देतो, आणि रेषा खालीं वळली तर आपला बेत बदलतो.

८. लातूरची आगगाडी

सांठा संपल्यावर काय होतें, ह्याचें उदाहरण मराठवाड्यानें २०१६ सालीं पाहिलें. लातूर शहरास पाणी पुरविणाऱ्या मांजरा धरणांत पाणी उरलें नाहीं, आणि त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीस दहा डबे होते. प्रत्येकांत सुमारें ५० हजार लिटर, एकूण ५ लक्ष लिटर. पुढें पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली; तिच्यांत २५ लक्ष लिटर पाणी येई.

२०११ च्या शिरगणतींत लातूर शहराची लोकसंख्या सुमारें ३ लक्ष ८३ हजार होती. भागाकार करा. पहिल्या गाडीचें पाणी माणशीं सुमारें १.३ लिटर, आणि पन्नास डब्यांच्या गाडीचें माणशीं सुमारें ६.५ लिटर पडतें. एवढी लांबलचक गाडी, पण माणसाच्या वांट्यास अर्धी बादलीहि नाहीं! ह्या पाण्याचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा येईल: गाडी आली कीं रेषा एकदम उभी वर चढते, आणि पुन्हां उतरत शून्याकडे जाते. धरणाची रेषा महिन्यांनीं मोजीत होतों. ही तासांनीं मोजावी लागते. बाहेरून आणलेल्या पाण्यानें लोकांचे प्राण वांचतात, आणि तें आणणाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत; परंतु धरणाच्या सांठ्याची जागा तें घेऊं शकत नाहीं, हें हा साधा भागाकारच सांगतो.

९. सरावासाठीं उदाहरणें

(१) एका कंदिलांत ६०० मिलिलिटर तेल आहे व दर तासाला ४० मिलिलिटर जळतें. समीकरण लिहून आलेख काढा. तेल किती तासांनीं संपेल?

(२) एका विहिरींत १ मार्चला ७.५ मीटर पाणी होतें. ३१ मार्चला ६ मीटर राहिलें. पातळी ह्याच वेगानें उतरत गेली तर पाणी १.५ मीटरवर, म्हणजे पंपाच्या नळीच्या तोंडाशीं, कोणत्या तारखेस येईल?

(३) पहिल्या टांकींत ९०० लिटर पाणी आहे व तासाला ६० लिटर खर्च होतें. दुसरींत ६०० लिटर आहे व तासाला ३० लिटर खर्च होतें. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. दोहींतील पाणी केव्हां सारखें होईल? आधीं कोणती टांकी रिती होईल?

(४) वरील सिद्धेश्वराच्या उदाहरणांत १ जानेवारीपासून खर्च दरमहा ९ ऐवजीं ६ दशलक्ष घनमीटर केला, तर सांठा कोणत्या तारखेपर्यंत पुरेल?

उत्तरें: (१) य = ६०० − ४० × क्ष; १५ तास. (२) २९ जून. (३) १० तासांनीं, दोहींत ३०० लिटर. पहिली १५ तासांनीं रिती होते, दुसरी २० तासांनीं. (४) १ ऑक्टोबर.

तिसऱ्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्यावें. ज्या टांकींत आरंभीं अधिक पाणी होतें, तीच आधीं रिती झाली. किती आहे ह्याइतकेंच कोणत्या वेगानें जातें ह्यालाहि महत्त्व आहे. ह्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या एका सांठ्याचें, मग तें पीठ असो, सरपण असो कीं विहिरीचें पाणी असो, आठवड्यांतून एकदां माप घ्यावें आणि चार आठवड्यांचे बिंदु कागदावर द्यावे. रेषा सरळ आली तर ती कोठें टेंकते तें घरच्या वडीलधाऱ्यांस दाखवावें. वक्र आली तर ती कां वळली ह्याचा शोध करावा. त्या शोधांत पुस्तकांतील दहा उदाहरणांहून अधिक गणित शिकावयास मिळेल.